जुन्या मैफलींच्या टेपमधून अल्बम कसा घडवावा

कोल्हापुरात ज्या घरातल्या कुणी आयुष्यभर वाद्य वाजवले, त्या घराच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी कॅसेटचा एखादा खोका बहुधा सापडतोच. देवल क्लबातली एखादी बैठक, केशवराव भोसले नाट्यगृहातला ऑर्केस्ट्राचा प्रयोग, गणेशोत्सवाच्या मांडवातली रात्र असे काहीबाही त्यात असते आणि बहुतेक कॅसेटवरची शाई पुसट झालेली असते. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणारे आपल्याकडचे अनेक ज्येष्ठ वादक बँडपथकांत आणि ऑर्केस्ट्रांत तयार झाले. स्वतःच्या नावाने स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्याची संधी त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळाली. त्यामुळे त्यांचे वादन जेवढे उरले आहे तेवढे या खोक्यांतच उरले आहे, आणि ते नीट बाहेर काढण्याचे काम आता त्यांच्या मुलांनी, शिष्यांनी आणि चाहत्यांनी हाती घ्यायला हवे. ते कसे करावे, याची माहिती पुढे दिली आहे.

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा. टेप जपणे हे एक काम आहे आणि टेप प्रकाशित करणे हे दुसरे. जपायचे ते सगळे जपावे, अगदी अर्धवट आणि खरखरणारी टेपसुद्धा. प्रकाशित करायचे ते मात्र फार थोडे आणि पुरते पारखून. या दोन कामांची गल्लत झाली की एकतर चांगल्या टेप कुणाला ऐकायलाच मिळत नाहीत, किंवा सरसकट सगळे इंटरनेटवर चढवले जाते आणि त्या ढिगात वादकाचे उत्तम वादन हरवते.

सनी रोलिन्स यांचा धडा

जुन्या मैफली प्रकाशित करण्याच्या बाबतीत अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. 1930 साली जन्मलेल्या या वादकाचे आपल्या मुलखाशीही नाते आहे, कारण 1960च्या दशकाच्या अखेरीस मैफली थांबवून ते मुंबईत पवईच्या आश्रमात योगाभ्यासासाठी राहिले होते. रोलिन्स यांची ख्याती रंगमंचावरच्या वादनाची. स्टुडिओत ते अस्वस्थ असत, आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकणे त्यांना मुळीच आवडत नसे. कार्ल स्मिथ नावाचा एक चाहता मात्र त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे गोळा करीत होता. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतर चारच दिवसांनी, 15 सप्टेंबर 2001 रोजी, रोलिन्स यांनी बोस्टन येथे मैफल केली. ती स्मिथ यांनी मुद्रित केली होती आणि 2005 साली ती अल्बमच्या रूपाने निघाली. पुढे रोलिन्स यांनी ‘रोड शोज’ ही मालिका सुरू केली. तिचे चार खंड 2008, 2011, 2014 आणि 2016 या वर्षी आले.

पहिल्या खंडात 1980 ते 2007 या काळातल्या मैफलींमधून निवडलेल्या फक्त सात रचना आहेत. निवड किती कठोर असावी, हे त्याच खंडातल्या एका रचनेवरून कळते. 1957 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवल्याला पन्नास वर्षे झाली, तेव्हा 2007च्या सप्टेंबरात रोलिन्स यांनी तिथे पुन्हा मैफल केली. जुने आणि नवे वादन एकत्र करून अल्बम काढण्याचे ठरले होते. परंतु नव्या मैफलीतले आपले वादन त्यांना समाधानकारक वाटले नाही, म्हणून तो बेत त्यांनी सोडला आणि त्या संध्याकाळची एकच रचना ‘रोड शोज’मध्ये घेतली. निमित्त इतके मोठे असूनही त्यांनी कानाने दिलेला कौल मानला. आपल्याकडच्या एखाद्या वादकाच्या अमृतमहोत्सवासाठी टेप निवडायला बसणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात ठेवावा.

यंत्राला लावण्यापूर्वी

सापडलेली कॅसेट उत्साहाने लगेच वाजवून पाहू नये. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जूनपासून हवेत जी ओल राहते, तिने टेपवर बुरशी धरते. कॅसेट उजेडात तिरकी धरून तिच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडांवर पांढुरके ठिपके किंवा जाळे दिसते का ते पाहावे. दिसल्यास ती कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावी आणि जाणकाराकडेच द्यावी, कारण बुरशीचे कण यंत्रात शिरून पुढच्या प्रत्येक टेपला लागतात आणि श्वासालाही अपायकारक असतात. बुरशी नसेल तर कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या मोडलेल्या आहेत ना, हे तपासावे. नसल्यास मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ वादन पुसले जाणार नाही. टेपच्या मागचा वाटाण्याएवढा दाबगादीचा तुकडा गळून पडला असेल, तर टेप नवीन कॅसेटच्या सांगाड्यात हलवून घ्यावी लागते. त्याशिवाय आवाज दबका आणि लहरता येतो.

2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथल्या घरांत भिजलेल्या टेप अजूनही असतील. पुन्हा अशी वेळ आलीच तर टेप चिखलासकट वाळू देऊ नये. स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने चिखल धुऊन ती सावलीत खेळत्या हवेत वाळवावी. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही टाळावेत.

स्पूलच्या टेपचा आणखी एक आजार आहे. 1970 आणि 1980च्या दशकांत तयार झालेल्या काही टेपवरचा लेप हवेतली ओल शोषून चिकट होतो. अशी टेप फिरताना कुरकुरते, यंत्राच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी थर सोडते आणि वाजवत राहिल्यास तिचे वादन कायमचे खरवडले जाते. अशा टेप नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून तात्पुरत्या वाजण्याजोग्या करता येतात, मात्र हे काम प्रयोगशाळेतल्या भट्टीचे आहे, घरच्या ओव्हनचे नव्हे.

माझे मत असे की टेप उतरवून घेण्याचे काम आपल्याकडे दिवाळीनंतर हाती घ्यावे आणि होळीच्या आत संपवावे. त्या महिन्यांत हवा कोरडी असते. उरलेले वर्षभर टेप घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवाव्यात.

टेप उतरवून घेणे

सगळ्या कामात इथेच सर्वाधिक सावकाशीने वागावे, कारण जुनी टेप कधी कधी एकदाच चांगली वाजते. डेक, म्हणजे टेप वाजवणारे यंत्र, सुस्थितीतला, सर्व्हिसिंग केलेला असावा. प्रत्येक टेपपूर्वी त्याचे हेड आणि रबरी रोलर स्वच्छ करावेत; हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते.

त्यानंतर हेडचा कोन जुळवावा. याला तंत्रज्ञ अझिमथ म्हणतात आणि घरगुती कामात नेमके हेच राहून जाते. मूळ यंत्राचे हेड किंचित तिरके असेल तर त्याने मुद्रित केलेली टेप सरळ हेडवर मंद, कांबळ्याखालून आल्यासारखी ऐकू येते, आणि ऐकणारा समजतो की टेपच खराब आहे. उपाय साधा आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज एकत्र करून मोनोमध्ये ऐकावा, हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवावा आणि झांजेचा किणकिणाट किंवा सॅक्सोफोनच्या रीडची, म्हणजे तोंडाकडच्या कंप पावणाऱ्या पातीची, धार जिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येईल, तिथे थांबावे. हा कोन प्रत्येक टेपसाठी नव्याने जुळवावा लागतो. डॉल्बीचे, म्हणजे टेपची सळसळ कमी करणाऱ्या सोयीचे, बटणही कॅसेटवरची खूण पाहूनच दाबावे. मूळ मुद्रण डॉल्बीशिवाय झाले असेल तर त्या बटणाने वरचे स्वर विनाकारण मरतात.

संगणकावर 96 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापात वेव्ह फाइल करावी. जगभरची ध्वनिसंग्रहालये साधारण हेच माप धरून चालतात. एका तासाच्या स्टिरिओ वादनाला सुमारे दोन जीबी जागा लागते आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती काहीच नाही. एमपीथ्रीमध्ये मूळ प्रत कधीही करू नये. आवाजाची सर्वांत उंच पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण सॅक्सोफोनचा एखादा चढा सूर अचानक उसळतो आणि डिजिटल मुद्रणात तो एकदा फाटला की फाटला.

वेग तपासणे तितकेच महत्त्वाचे आहे. जुने टेपरेकॉर्डर, विशेषतः बॅटरीवर चालणारे, क्वचितच नेमक्या वेगाने फिरत. वेग तीन टक्क्यांनी चुकला तर सूर पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने सरकतो आणि वादकाचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने ॲम्प्लिफायरची जी बारीक गुणगुण टेपवर उतरलेली असते, तिचा उपयोग मोजपट्टीसारखा होतो. संगणकावर ती गुणगुण 51.5 हर्ट्झवर दिसली, तर टेप तीन टक्के वेगाने वाजते आहे असा तर्क करता येतो. मात्र त्या काळी विजेची वारंवारता स्वतःच खालीवर होत असे, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर विसंबू नये. साथीला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड किंवा ऑर्गन असेल तर त्याचा ‘ए’ हा सूर 440 हर्ट्झला येतो का ते पाहावे. आणि वादक हयात असतील तर ती रचना ते कोणत्या पट्टीत वाजवत, हे त्यांनाच विचारावे. त्यांची बोटे ते विसरलेली नसतात.

उतरवलेल्या मूळ फाइलला यापुढे हात लावू नये. खरखर काढणे, कापणे, आवाज वाढवणे हे सारे तिच्या प्रतीवर करावे. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यातली एक कोल्हापूरबाहेर, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर असावी. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळले, तेव्हा एका जागी ठेवलेल्या गोष्टींचे काय होऊ शकते ते अख्ख्या शहराने पाहिले.

काय, कधी, कुणी

1957च्या नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमधल्या ज्या मैफलीत रोलिन्स वाजवत होते, त्याच मैफलीत पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या साथीला सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनही होते. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीने ती मुद्रित केली आणि टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दशकानुदशके पडून राहिल्या. 2005 साली तिथले कर्मचारी लॅरी ॲपलबॉम यांना त्या सापडल्या. एका खोक्याच्या मागे हाताने लिहिलेले ‘टी. मंक’ आणि काही रचनांची नावे एवढाच सुगावा होता. कोल्ट्रेन त्यांनी सुरावरून ओळखले. सुदैवाने त्या टेपना जाणता कान मिळाला. आपल्या टेपना तो मिळेलच, असे गृहीत धरून चालणार नाही.

म्हणून प्रत्येक टेपसोबत तारीख, ठिकाण, निमित्त, सर्व वादकांची नावे व वाद्ये, रचनांची नावे आणि टेप कुणी मुद्रित केली ही माहिती लिहून ठेवावी. तारीख आठवत नसेल तर निवेदकाचे बोलणे लक्ष देऊन ऐकावे. प्रमुख पाहुण्यांचे नाव, मंडळाचे कितवे वर्ष, नुकत्याच गाजलेल्या चित्रपटाचा उल्लेख यावरून वर्ष ठरवता येते. जुनी निमंत्रणपत्रिका किंवा स्थानिक वर्तमानपत्राचे कात्रण मिळाल्यास त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. साथीदारांना भेटण्यास विलंब करू नये. ढोलकी, बोंगो किंवा गिटार वाजवणाऱ्या त्या माणसांची नावे कोणत्याही पत्रिकेवर छापलेली नसतात; ती केवळ एकमेकांच्या आठवणीत असतात.

निवड

वादक हयात असतील तर शेवटचा शब्द त्यांचाच असावा. परंतु तासन्‌तासांच्या फाइल त्यांच्यासमोर ओतू नयेत. जाणत्या दोघा-तिघांनी आधी सर्व ऐकून दहा-बारा रचनांची यादी करावी आणि एका बैठकीत त्यांतल्या दोन-तीनच चांगल्या हेडफोनवर ऐकवाव्यात. वादक काय म्हणतात ते त्यांच्या परवानगीने मुद्रित करावे, कारण अल्बमसोबत द्यायच्या टिपणाची खरी सामग्री त्या बोलण्यातच असते.

निवडताना कशाला महत्त्व द्यावे, यावर माझी मते स्पष्ट आहेत. एखादा सूर निसटला म्हणून रचना बाद करू नये. वादक त्या क्षणी काही नवे शोधत होता का आणि साथीदार त्याच्याबरोबर गेले का, हे पाहावे. गाजलेली रचना आहे म्हणून मध्यम दर्जाचे वादन घेऊ नये. दोन मैफलींचे तुकडे जोडून एक रचना तयार करणे मला पूर्णपणे अप्रामाणिक वाटते, कारण लाइव्ह अल्बम ऐकणारा माणूस ‘हे असेच घडले’ या विश्वासावर ऐकत असतो. प्रेक्षकांतून आलेली ‘वा’, निवेदकाचे एखादे वाक्य, श्वासाचा आणि सॅक्सोफोनच्या कळांचा आवाज हे सारे ठेवावे.

टेप कुठून मुद्रित झाली, याचाही निवडीवर परिणाम होतो. मिक्सरमधून थेट घेतलेल्या टेपमध्ये गायक आणि कीबोर्ड ठळक असतात, पण ड्रम आणि सॅक्सोफोन अनेकदा मागे पडलेले आढळतात, कारण लहान सभागृहात ती वाद्ये मुळातच एवढी मोठी वाजतात की त्यांना माइकवर फारसे वर घ्यावे लागत नसे. उलट तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या रसिकाने मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या मुद्रणात खरखर जास्त असली तरी वाद्यांचा तोल पुष्कळदा खरा असतो. सॅक्सोफोनवादकाच्या अल्बमसाठी अशी ‘कच्ची’ टेप अधिक चांगली ठरू शकते, म्हणून तिला केवळ खरखरीमुळे बाजूला सारू नये.

संमती आणि हक्क

टेप आपल्या कपाटात आहे म्हणून तिच्यातल्या संगीताचे हक्क आपले होत नाहीत. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार इथे तीन वेगवेगळे हक्क एकत्र येतात. पहिला सादरकर्त्यांचा: 1994च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला, आज त्याची मुदत सादरीकरणानंतर 50 वर्षे आहे, आणि 2012च्या दुरुस्तीनंतर व्यापारी वापरात कलाकाराला मानधनाचा वाटा व वादनाची मोडतोड होऊ न देण्याचा नैतिक हक्कही मिळाला आहे. दुसरा ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन मुद्रण केले त्याचा. तो आयोजक किंवा साउंडवाला असू शकतो, आणि आकाशवाणीने मुद्रित केलेला कार्यक्रम असेल तर तिथे रीतसर अर्ज करावा लागतो. तिसरा हक्क रचनेचा, म्हणजे संगीतकार व गीतकाराचा, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो.

प्रत्येक साथीदाराची, आणि तो हयात नसल्यास त्याच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. पन्नास वर्षे उलटून गेली असली तरी ती घ्यावी. कायद्यापलीकडे तो साथीदाराचा मान आहे. कागदावर कोणते ध्वनिमुद्रण, कोणत्या वापरासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नाही तर कायदा हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचे मानतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते. इंटरनेटवर जगभर जाणाऱ्या अल्बमला हे दोन्ही पुरणार नाही.

ऑर्केस्ट्राच्या टेपची खरी अडचण चित्रपटगीतांची आहे. अशा गीतांचे नवे मुद्रण प्रकाशित करण्याची एक वैधानिक सोय कायद्यात आहे, परंतु तीत दरवर्षी किमान 50,000 प्रतींचे स्वामित्वशुल्क आगाऊ भरावे लागते आणि छोट्या प्रकाशनाला ते झेपणारे नाही. त्याऐवजी हक्कधारक संगीत कंपनीकडून त्या गीतापुरता थेट परवाना मागावा. मला यापेक्षाही चांगला मार्ग दिसतो तो असा की, पहिला अल्बम वादकाच्या स्वतःच्या रचना, पारंपरिक धुना आणि रागांवर आधारलेले वादन यांचाच करावा. वादकाची ओळखही त्यात अधिक उमटते. रक्कम मोठी असो वा छोटी, कागद एकदा वकिलाच्या नजरेखालून घालावेत.

आवाजाची डागडुजी आणि प्रकाशन

खरखर काढणारी सॉफ्टवेअर आता स्वस्त आणि प्रभावी आहेत आणि म्हणूनच ती जपून वापरावीत. टेपची सळसळ पूर्ण घालवली की तिच्याबरोबर रीडची धार आणि सभागृहाचा घुमाराही जातो. 50 हर्ट्झची गुणगुण, एखादा माइकचा ठोका आणि टाळ्यांचा अचानक उसळणारा आवाज एवढे आवरले की बहुतेक वेळा पुरे होते. आवाज कृत्रिमरीत्या मोठा करण्यातही अर्थ नाही, कारण स्ट्रीमिंग सेवा सर्व गाण्यांची पातळी आपापल्या मापाला आणतात. स्पॉटिफायचे ते माप उणे 14 एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) आहे. हळुवार आलापी आणि शेवटचा जोश यांतले अंतर तसेच राहू द्यावे.

प्रकाशनासाठी एखाद्या डिजिटल वितरकामार्फत स्ट्रीमिंगवर जाता येते. प्रत्येक रचनेला आयएसआरसी हा 12 अक्षरांचा ओळखक्रमांक लागतो आणि बहुतेक वितरक तो स्वतःच देतात. बँडकॅम्प या संकेतस्थळावर मूळ दर्जाच्या फाइल थेट श्रोत्याला विकता येतात आणि सोबत सविस्तर टिपणही देता येते, म्हणून अशा अल्बमसाठी मला ते अधिक योग्य वाटते. विनाइलची रेकॉर्ड काढण्याचा विचार असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून अधिक वादन घालू नये, नाहीतर आवाज बारीक होतो. मुखपृष्ठावरच्या जुन्या फोटोसाठी छायाचित्रकाराची परवानगी लागते, हे पुष्कळजण विसरतात.

अल्बम निघाल्यावर दर सहा महिन्यांनी आलेल्या रकमेचा हिशोब सर्व साथीदारांना व वारसांना लेखी पाठवावा, रक्कम शंभर रुपये असली तरी. आणि ज्या टेप अल्बमात आल्या नाहीत, त्यांच्या मूळ फाइल व नोंदी एखाद्या संगीतसंस्थेकडे, विद्यापीठाकडे किंवा ग्रंथालयाकडे सुपूर्द कराव्यात. रोलिन्स यांचा संग्रहही 2017 साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या शॉम्बर्ग केंद्राकडे गेला. सुपूर्द करताना त्या फाइल तिथे बसून कुणाला ऐकता येतील, प्रत कुणाला मिळेल आणि पुढे प्रकाशनाची परवानगी कोण देईल, हे तीन मुद्दे करारात लिहून घ्यावेत.